उत्सवाची रोषणाई : प्रकाश अधिक, वीज कमी

महाराष्ट्रात श्रावणापासून उत्सवांची जी मालिका सुरू होते ती त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत अखंड चालते. मंदिरापुढील दीपमाळ, अंगणातील पणत्या आणि दारावरचा आकाशकंदील ही या मालिकेची जुनी खूण होय. लोकमान्य टिळकांनी १८९३ मध्ये ज्या गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिले, त्याला राज्य शासनाने २०२५ मध्ये राज्य महोत्सव म्हणून घोषित केले. या उत्सवांच्या जोडीला स्वातंत्र्यदिन, प्रजासत्ताक दिन आणि महाराष्ट्र दिन हेही दीपोत्सवाचे प्रसंग ठरले आहेत. या सर्व प्रसंगी केवळ मंडपच नव्हे, तर ग्रामपंचायतीची कचेरी, शाळेची इमारत, समाजमंदिर आणि खाजगी घरांचे दर्शनी भागही रंगीत प्रकाशाने उजळून काढण्याची प्रथा आता खेडोपाडी रुजली आहे.

या रोषणाईसाठी अनेक वर्षे एकच साधन सर्वत्र वापरले गेले. ते म्हणजे पाचशे किंवा हजार वॅटचा हॅलोजन फोकस आणि त्यावर बांधलेला रंगीत जिलेटिन पेपर. तापलेल्या काचेमुळे हा कागद काही तासांत सुरकुततो, काळवंडतो आणि मंडपाच्या कापडाजवळ असल्यास आगीचे कारणही ठरू शकतो. आज त्याच्या जागी एलईडी फ्लडलाइट बाजारात सहज मिळतात. तथापि, केवळ ‘एलईडी’ हा शब्द पाहून केलेली खरेदी फायद्याची ठरतेच असे नाही. कोणता दिवा, किती शक्तीचा, कोणत्या भिंतीसाठी आणि कशा जोडणीने, याचा विचार केल्यासच विजेची बचत, नेत्रसुखद प्रकाश आणि सुरक्षितता ही तिन्ही उद्दिष्टे साध्य होतात.

रंग गाळून की रंग निर्माण करून?

हॅलोजन दिव्यात टंगस्टनची तार तापून प्रकाश देते. तिला पुरविलेल्या विजेचा फार मोठा भाग उष्णतेच्या रूपाने वाया जातो आणि जो प्रकाश मिळतो तो पिवळसर पांढरा असतो. त्यापुढे निळा कागद लावला म्हणजे निळा प्रकाश वाढत नाही. निळ्याखेरीज इतर सर्व रंग अडविले जातात, एवढेच घडते. मुळात या प्रकाशात निळ्याचा अंश अल्प असल्याने गडद निळ्या कागदातून जेमतेम थोडासा प्रकाश बाहेर पडतो. म्हणजे वीज पाचशे वॅटची जळते आणि भिंतीवर उजेड मात्र मिणमिणता पडतो.

एलईडी, अर्थात प्रकाश उत्सर्जित करणारा डायोड, याचे कार्य निराळे आहे. त्यातील अर्धवाहक पदार्थातून वीजप्रवाह गेला की त्या पदार्थाच्या गुणधर्मानुसार ठराविक रंगाचाच प्रकाश निर्माण होतो. डोळ्यांना दिसणारा लाल प्रकाश देणारा एलईडी अमेरिकेत निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये तयार केला. उपयुक्त तेजाचा निळा एलईडी मात्र १९९० च्या दशकाच्या प्रारंभी साकार झाला. त्या कार्याबद्दल इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. रंग उगमापाशीच निर्माण होत असल्याने तो गाळण्यात वीज खर्ची पडत नाही. म्हणूनच पांढऱ्या प्रकाशापेक्षाही रंगीत प्रकाशाच्या बाबतीत एलईडीचा लाभ अधिक ठळक आहे. पांढऱ्या एलईडीवर रंगीत कागद बांधणे ही मात्र जुनीच चूक नव्या दिव्यावर करण्यासारखे होय.

वॅट हे प्रकाशाचे माप नव्हे

वॅट हे दिवा किती वीज घेतो याचे माप आहे. प्रकाशाचे माप ल्यूमेन हे होय. हॅलोजन दिवा एका वॅटमागे साधारणपणे पंधरा ते वीस ल्यूमेन देतो, तर चांगला पांढरा एलईडी शंभराच्या आसपास देतो. रंगीत दिव्यांची तुलना करताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मानवी डोळा हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक संवेदनशील असतो, लाल व निळ्याला कमी. त्यामुळे निळ्या दिव्याच्या खोक्यावर ल्यूमेनचा आकडा लहान दिसला तरी तो दिवा सदोष आहे असे समजू नये. तुलना एकाच रंगाच्या दोन दिव्यांमध्येच करावी.

खर्चाचा हिशेब सोपा आहे. एखाद्या ग्रामपंचायतीने पाचशे वॅटचे चार हॅलोजन दररोज सहा तास लावले, तर एका रात्रीत १२ युनिट वीज खर्च होते. वर्षातील सणावारांच्या ४० रात्री धरल्यास ४८० युनिट होतात. त्या जागी पन्नास वॅटचे चार रंगीत एलईडी लावले, तर रात्रीला सव्वा युनिटही लागत नाही आणि वर्षाचा खर्च ४८ युनिटवर येतो. युनिटला आठ रुपये दर धरला, तर ४३२ युनिटची बचत म्हणजे वर्षाला सुमारे साडेतीन हजार रुपये वाचतात. शाळेच्या किंवा लहान पंचायतीच्या दृष्टीने ही रक्कम नगण्य नाही.

खोक्यावर छापलेले वॅट खरे आहेत काय, याची पडताळणी शाळेतील विद्यार्थीही करू शकतात. वीजमीटरवर लुकलुकणारा लहान दिवा असतो आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो हा आकडा मीटरवरच छापलेला असतो. तो ३२०० असेल आणि इतर सर्व उपकरणे बंद करून केवळ पन्नास वॅटचा दिवा चालू ठेवला, तर पंधरा मिनिटांत ४० वेळा उघडझाप झाली पाहिजे. ती पंधरा-वीसवरच थांबली, तर छापील शक्तीच्या निम्म्याहून कमी शक्तीचा दिवा गळ्यात पडला, असे समजावे.

भिंत पाहून रंग निवडावा

रोषणाईत डोळ्यांना दिसते ती भिंतीवरून परतलेली प्रभा. चुन्याने किंवा पांढऱ्या रंगाने रंगविलेली भिंत कोणताही रंग खुलवते आणि कमी शक्तीच्या दिव्यानेही उजळते. देशावरील काळ्या पाषाणाच्या भिंती बराचसा प्रकाश गिळून टाकतात. तेथे दिव्यांची संख्या वाढवावी लागते. कोकणातील जांभ्या दगडावर लाल किंवा अंबर म्हणजे मधासारखा पिवळसर रंग शोभतो, निळा मात्र मलूल दिसतो. पिवळ्या रंगाच्या भिंतीवर निळा प्रकाश टाकल्यास तीच निराशा पदरी येते. म्हणून सर्व दिवे एकदम खरेदी करण्यापूर्वी एक दिवा आणून रात्री त्या भिंतीवर पाहणे श्रेयस्कर.

झोताचा कोनही तितकाच महत्त्वाचा आहे. साध्या फ्लडलाइटचा कोन सुमारे १२० अंशांचा असतो. असा दिवा भिंतीपासून दोन मीटरवर ठेवला की जवळजवळ सात मीटर रुंदीचा भाग उजळतो. त्यामुळे बारा मीटर लांबीच्या एकमजली इमारतीला दोन किंवा तीन दिवे पुरेसे होतात. उंच शिखर किंवा मनोरा उजळावयाचा असल्यास तीस अंशांच्या आसपासचा अरुंद झोत घ्यावा. अंतर दुप्पट केले की उजेड चौथाईवर येतो, हा नियम लक्षात ठेवल्यास दूरच्या खांबावर मोठा दिवा टांगण्याऐवजी लहान दिवा भिंतीजवळ ठेवणेच काटकसरीचे ठरते.

तिरंगी रोषणाईची विशेष काळजी

राष्ट्रीय सणांना मुंबईतील छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची वास्तू तिरंगी प्रकाशात न्हाऊन निघते. त्याचे अनुकरण आता तालुक्याच्या कचेऱ्यांतूनही होते. परंतु रिमोटवर रंग बदलणाऱ्या, लाल-हिरव्या-निळ्या डायोडांच्या दिव्यांत केशरी रंग मिश्रणाने तयार करावा लागतो आणि तो पुष्कळदा लालसर किंवा लिंबासारखा दिसतो. पांढराही निळसर उमटतो. शिवाय अशा दिव्यातून केवळ हिरवा प्रकाश हवा असल्यास त्यातील एकतृतीयांश डायोडच कामी येतात. म्हणून स्थिर तिरंगी रोषणाईसाठी केशरी वा अंबर, पांढरा आणि हिरवा असे स्वतंत्र एकरंगी दिवे घ्यावेत. केशरी वर, मध्ये पांढरा आणि खाली हिरवा हा क्रम दिवे बांधताना कटाक्षाने पाळावा.

पाऊस, जोडणी आणि जीविताची सुरक्षितता

गणेशोत्सव बहुधा पावसातच येतो. उघड्यावरील दिव्याला किमान आयपी ६५ हा दर्जा असावा. त्यातील पहिला अंक धुळीपासून आणि दुसरा पाण्याच्या फवाऱ्यापासून मिळणारे संरक्षण दर्शवितो. मात्र हा दर्जा दिव्यापुरताच असतो. दिव्यातून बाहेर आलेली वायर जेथे पुढील वायरला जोडली जाते, तो सांधा नुसती चिकटपट्टी गुंडाळून ओल्या गवतावर सोडला, तर महागड्या दिव्याचाही उपयोग नाही. सांधे जलरोधक पेटीत आणि जमिनीपासून उंच असावेत.

दिव्याचे आवरण धातूचे असते. म्हणून तीन तारांची वायर वापरून भूसंपर्क अर्थात अर्थिंग करणे अनिवार्य समजावे. वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी स्विच मुख्य फळीवर बसवावा. त्याची किंमत एखाद्या दिव्याएवढी असेल, परंतु ओल्या लोखंडी कमानीला हात लावणाऱ्या बालकाचे प्राण तोच वाचवू शकतो. तारांवर आकडा टाकून वीज घेणे हा गुन्हा तर आहेच, शिवाय अशा जोडणीत ही कोणतीही संरक्षक व्यवस्था नसते. सार्वजनिक उत्सवांसाठी महावितरणकडून तात्पुरती वीजजोडणी मिळते. ती रीतसर घेऊन मांडणी परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून करून घ्यावी. एलईडी हॅलोजनइतका तापत नसला तरी त्याच्या पाठीवरील पंख्यांना हवा लागते. त्यावर कापड किंवा कागद गुंडाळू नये.

दरपत्रके मागविताना

‘पन्नास हजार तास आयुष्य’ ही जाहिरात अनेकांना भुरळ घालते. वर्षाला ४० रात्री, रोज सहा तास दिवा लावला तर २४० तास होतात. या वापरात डायोड झिजण्याची वेळ येत नाही. बिघडतो तो ड्रायव्हर, म्हणजे डायोडला योग्य प्रवाह पुरविणारा भाग. अथवा झिजते ते काचेभोवतीचे रबर. म्हणून छापील तासांपेक्षा लेखी हमीला अधिक महत्त्व द्यावे. दरपत्रक मागविताना प्रत्यक्ष वॅट, ल्यूमेन, एकरंगी की बहुरंगी, झोताचा कोन, आयपी दर्जा, किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत दिवा चालेल, वीज कडाडताना येणाऱ्या उच्च दाबापासून संरक्षण आणि हमीचा कालावधी या बाबी नमूद कराव्यात. एलईडी फ्लडलाइट भारतीय मानक ब्यूरोच्या अनिवार्य नोंदणी योजनेत येतात. त्यामुळे मानक चिन्ह आणि ‘आर’ या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहिल्याशिवाय माल ताब्यात घेऊ नये.

अंधाराचेही भान

वीज कमी लागते म्हणून दिवे दुप्पट लावले, तर बचतीचा हेतूच विफल होतो. नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्यासाठी परिसरातील गावांमधील दिवे प्रकाश जमिनीकडेच टाकतील असे बदलण्यात आले. निरभ्र काळोख हीदेखील जपण्याची संपत्ती आहे, हा धडा त्यातून मिळतो. झोत भिंतीवरच पडावा. तो आकाशात, शेजाऱ्याच्या खिडकीत किंवा रस्त्यावरील वाहनचालकाच्या डोळ्यांत जाऊ नये. निळ्या प्रकाशाकडे कीटक अधिक आकर्षित होतात, अंबर व लाल प्रकाशाकडे कमी. पावसाळी पाखरांचा उपद्रव असलेल्या गावांनी रंग निवडताना हेही पाहावे. रात्री ठरलेल्या वेळी दिवे आपोआप बंद करणारे टायमर यंत्र बसविल्यास पहाटेपर्यंत निष्कारण जळणारी वीज वाचते.

दीपमाळेवरील पणत्यांना तेल मोजून घातले जात असे. तेल गावाचे होते आणि त्याचा हिशेब गावापुढे मांडावा लागे. ग्रामपंचायतीची वीजही गावाच्याच पैशाची आहे. भिंत पाहून घेतलेले तीन दिवे, त्यांना नीट केलेला भूसंपर्क आणि वेळेवर बंद होणारा स्विच एवढी व्यवस्था ज्या गावात होईल, तेथे उत्सवाचा थाट तसूभरही उणावणार नाही. आणि विसर्जनाच्या रात्री प्रत्येक मूल सुखरूप घरी परतेल.