परिचर्येची पदवी : खर्चाचा हिशेब कसा मांडावा?

बारावीचा निकाल लागला की जळगाव व धुळे जिल्ह्यांतील अनेक घरांत एकच विचार सुरू होतो : मुलीला परिचारिका व्हावयाचे आहे, पण चार वर्षांचा खर्च झेपेल काय? कापसाच्या वा केळीच्या हंगामावर संसार चालविणाऱ्या कुटुंबास हा प्रश्न साधा नव्हे. अशा वेळी पहिल्या वर्षाचे शुल्क जेथे सर्वांत कमी, ते महाविद्यालय स्वस्त असे धरले जाते. वस्तुतः शुल्काच्या आकड्यापेक्षा प्रवेश कोणत्या मार्गाने मिळाला, यावर खर्च अधिक अवलंबून असतो.

बी. एस्सी. नर्सिंग हा आठ सत्रांचा अभ्यासक्रम. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय लागतात. विज्ञान विषयांत किमान 45 टक्के गुण, मागासवर्गीयांस 40. राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाची परीक्षा देऊन केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून जागा मिळवावी लागते. जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार, आठ लाख रुपयांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या इतर मागास, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क शासन भरते. खासगी विनाअनुदानित महाविद्यालयेही यात येतात. मात्र व्यवस्थापन कोट्यातून वा संस्था स्तरावर घेतलेल्या प्रवेशास हा लाभ नाही. अनुसूचित जाती-जमातींसाठी शिष्यवृत्ती व शुल्कमाफीच्या योजना स्वतंत्र आहेत.

एक कल्पित उदाहरण घेऊ. एका महाविद्यालयाचे शिक्षण शुल्क वर्षाला 80 हजार. दुसरे, मध्यस्थाने सुचविलेले, 45 हजारांचे. दोन्हीकडे निवास व भोजनास वर्षाला 40 हजार लागतात. पहिल्यात केंद्रीय प्रक्रियेतून प्रवेश घेऊन शुल्क माफ झाले, तर चार वर्षांत 1 लाख 60 हजार खर्च होतील. दुसऱ्यात 3 लाख 40 हजार. महाग दिसणारे महाविद्यालय निम्म्याहून कमी खर्चात पदवी देते! गणवेश, पुस्तके व प्रवास यांची भर दोन्हीकडे पडेल, हे अर्थातच लक्षात ठेवावे.

मध्यस्थ बहुधा परराज्यातील महाविद्यालय सुचवितात. रावेर-यावलकडील मुलींना सातपुड्यापलीकडचे मध्य प्रदेश जवळचे वाटते. तथापि त्या राज्यात उच्च न्यायालयाच्या आदेशावरून केंद्रीय अन्वेषण विभागाने तपासणी केली असता अनेक परिचर्या महाविद्यालये निकषांत बसत नसल्याचे उघड झाले, आणि मधल्या काळात विद्यार्थ्यांच्या परीक्षाही रखडल्या. स्वस्ताईचा मोबदला असा वर्षांनी चुकवावा लागतो. यास्तव महाविद्यालयास भारतीय परिचर्या परिषद व संबंधित राज्य परिषद यांची मान्यता, आणि महाराष्ट्रात असल्यास नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची संलग्नता आहे किंवा नाही, हे त्या वर्षाच्या यादीत स्वतः पाहावे. भिंतीवर लावलेले जुने प्रमाणपत्र पुरेसे समजू नये.

रुग्णालयाचीही चौकशी करावी. परिचर्या ही खाटेपाशी शिकावयाची विद्या. शंभर खाटांचे संलग्न रुग्णालय असावे, अशी परिषदेची अपेक्षा आहे. त्या खाटांवर रुग्ण आहेत काय, हे दुपारी एक फेरी मारली तरी कळते.

चार वर्षे शक्य नसतील, तर तीन वर्षांची सामान्य परिचर्या व प्रसूतिविद्या पदविका घेऊन नोकरी करता येते आणि पुढे दोन वर्षांत पदवीही मिळविता येते. ही वाट कमी प्रतीची मानण्याचे कारण नाही.

मुलींचे नुकसान सर्वांत अधिक होते ते कागदपत्रांच्या विलंबाने. उत्पन्नाचा व अधिवासाचा दाखला तहसील कार्यालयातून वेळेवर काढावा. जात वैधता प्रमाणपत्रास मात्र महिने लागू शकतात, म्हणून त्याचा अर्ज अकरावी-बारावीतच करावा. चोपडा, यावल, साक्री, शिरपूर भागातील आदिवासी विद्यार्थिनींना वसतिगृह व निर्वाह भत्त्याची माहिती यावल व धुळे येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयांत मिळते. ती प्रवेशानंतर नव्हे, महाविद्यालयांचा पसंतिक्रम भरण्यापूर्वी घ्यावी.