उभ्या मोटारीचा खर्च



यात्रेला निघालेला गृहस्थ नळ आवळतो, दिवे मालवतो, विजेचे मुख्य बटन बंद करतो आणि मग दाराला कुलूप घालतो. मोटारीला कुलूप लावले म्हणजे तीही अशीच निजली, अशी आपली समजूत असते. विजेच्या मोटारीच्या बाबतीत ही समजूत महागात पडू शकते. पेणचा किंवा रोह्याचा मनुष्य मोटार दारात ठेवून आगगाडीने मुंबईला जातो. कोणी मुलाकडे परदेशी दोन-दोन महिने राहतो. त्या काळात उभी मोटार काय खाते, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

विजेच्या मोटारीत बहुधा दोन बॅटऱ्या असतात. मोठी लिथियमची, चाके फिरतात ती तिच्या जोरावर. जानेवारी २०२० मध्ये टाटांची विजेवरची नेक्सॉन बाजारात आली, तिच्या मोठ्या बॅटरीची क्षमता ३०.२ किलोवॅट-तास, म्हणजे आपल्या वीजबिलाच्या भाषेत तीस युनिट होती. दुसरी बॅटरी लहान, बारा व्होल्टची, आणि पुष्कळ मोटारींत ती जुन्या शिशाच्याच जातीची असते. ही जात १८५९ साली प्लान्ते या फ्रेंच शास्त्रज्ञाने शोधली. अशी चाळीस अँपिअर-तासांची बॅटरी घेतली तर तिच्यात अर्ध्या युनिटाहूनही कमी वीज मावते. म्हणजे एक मोठा रांजण आणि एक तांब्या.

आता गंमत अशी की रांजणावरचे झाकण उघडते ते तांब्यातल्या पाण्याच्या बळावर! मोठ्या बॅटरीचा दाब शेकडो व्होल्टचा असतो. म्हणून मोटार बंद होताच तिचा संबंध आतल्या स्विचांनी तोडला जातो. तो पुन्हा जोडायला लहान बॅटरीची वीज लागते. दारांची कुलुपे, दिवे, मोटारीतले गणकयंत्र, सारे तिच्याच आधाराने चालते. ती संपली, की मोठी बॅटरी काठोकाठ भरलेली असली तरी मोटार जागची हलत नाही.

मग ही लहान बॅटरी संपते कशाने? मोटार निजत नाही, डुलक्या घेते. किल्ली जवळ आली का, हे टिपणारे यंत्र जागे असते. चोरीची सूचना देणारे जागे असते. मोबाईलवर खबर पाठवणारे मधूनमधून उठते. हा सारा खर्च ३० मिलिअँपिअर धरला, तर दिवसाला पाऊण अँपिअर-तासाच्या आत येतो. क्षुल्लक वाटतो. परंतु महिन्याने हिशेब करा: २१ अँपिअर-तासांहून अधिक, म्हणजे चाळीसांतले निम्मे गेले! हाच खर्च १०० मिलिअँपिअर झाला, तर नवी बॅटरीदेखील सतरा दिवसांत रिकामी होईल; तीन-चार वर्षांची जुनी त्याहून लवकर. ‘मोटार बरी आहे ना’ म्हणून परगावाहून दर तासाला मोबाईलवर पाहणारा मालक तिला दर वेळी झोपेतून उठवत असतो, आणि ज्याची काळजी, तेच वाढवून ठेवतो. पहाऱ्याचे कॅमेरे चालू ठेवले तर खर्च कितीतरी वाढतो. त्यात उकाड्याने शिशाची बॅटरी आपोआपही अधिक उतरते, आणि रिकाम्या अवस्थेत पडून राहिली तर तिच्या पट्ट्यांवर क्षार घट्ट बसून ती कायमची निकामी होते.

काही मोटारी रांजणातून तांब्या आपोआप भरून घेतात. सगळ्याच घेत नाहीत, आणि मोठी बॅटरी फार उतरली की घेणाऱ्याही थांबतात. मोठ्या बॅटरीची स्वतःची गळती थोडी, महिन्याकाठी शेकडा एक-दोन. तरी तिला काठोकाठ भरून उन्हात महिनाभर उभी करणे हितावह नाही, आणि अगदी तळाशी ठेवणेही नाही.

तात्पर्य, लांब जाताना मोठी बॅटरी निम्म्याच्या आसपास ठेवावी, मोटार सावलीत लावावी, कॅमेरे बंद करावेत, किल्ली मोटारीपासून दूर ठेवावी. घरी कोणी जाणते असेल तर त्याने आठ-पंधरा दिवसांनी अर्धा तास मोटार फिरवावी. त्या वेळी मोठी बॅटरी लहानीला भरते. कोणी नसेल, तर लहान बॅटरीची तार सोडवून ठेवता येते का, हे मोटारीच्या माहितीपुस्तकात पाहावे. साधी धातूची किल्ली कोठे आहे आणि तिने कोणते दार उघडते, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असावे.

ही सारी खटपट पैशासाठी नाही. वाया जाणारी वीज थोडक्या रुपयांची असते. पण आषाढातल्या एखाद्या पावसाळी रात्री घरातल्या म्हाताऱ्या माणसाला दवाखान्यात न्यायचे असते, आणि दारात भरल्या बॅटरीची मोटार मुकी उभी राहते. त्या घटकेची किंमत रुपयांत होत नाही. म्हणून रांजणाची चौकशी करणाऱ्याने तांब्याचीही करावी, एवढेच माझे सांगणे आहे.