प्लास्टिक उद्योगाचा अर्ज करण्यापूर्वी

नोकरी मिळत नाही म्हणून लघुउद्योगाकडे वळणारे आपल्या समाजातील तरुण कर्जाचा अर्ज घेऊन बँकेत येतात. अर्जात 'प्लास्टिक उद्योग' एवढेच लिहिलेले असते. कोणती वस्तू, कोणत्या पद्धतीने करणार, असे आम्ही विचारले की ते गप्प होतात आणि अर्ज परत जातो. पद्धत ठरल्याशिवाय यंत्र ठरत नाही, यंत्राशिवाय कर्जाची रक्कम ठरत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

बहुतेक प्लास्टिक कारखान्यात दाण्यांच्या रूपात येते. तापलेल्या बॅरलमध्ये फिरणारा स्क्रू ते वितळवून पुढे ढकलतो. फरक पडतो तो त्यापुढे.

सोऱ्यातून चकली पडावी तसा माल डायमधून सलग बाहेर काढला व पाण्याने थंड केला की पाइप तयार होतो. हे एक्स्ट्रूजन. वाशीम जिल्ह्यातील शेतांत दिसणारे तुषार व ठिबकचे पाइप असेच बनतात.

बंद साच्यात माल मोठ्या दाबाने भरणे म्हणजे इंजेक्शन मोल्डिंग. विहारातील खुर्च्या, घरातली बादली ही त्याची उदाहरणे. बादली उपडी करून पाहा. माल जेथून शिरला, ती बारीक खूण बहुधा तळाच्या मध्यावर सापडेल.

मऊ नळी दोन भागांच्या साच्यात धरून हवा फुगवली की बाटली किंवा कॅन होतो. हे ब्लो मोल्डिंग. छतावरची पाण्याची टाकी मात्र साच्यात भुकटी घालून, तो तापवत दोन दिशांनी फिरवून करतात.

बॅकेलाइटचे स्विच उष्णता व दाबाने घडतात. ते पुन्हा वितळत नाहीत, म्हणून बिघडलेला नग वाया जातो.

दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. साचा महाग असतो, खप मोठा असेल तरच तो परवडतो. वीज गेली की बॅरलमधला माल गोठतो. शिवाय राज्यात २०१८ पासून प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे, तेव्हा त्या मार्गाला जाऊ नये.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री होते, तेव्हा तांत्रिक प्रशिक्षणाची योजना त्यांच्याच खात्याकडे होती. आज छत्रपती संभाजीनगरला केंद्र सरकारची 'सिपेट' ही प्लास्टिक तंत्राची संस्था आहे. दहावीनंतर तेथे पदविका करता येते. आधी हात शिकवावा, मग अर्ज लिहावा. तो अर्ज सहसा परत जाणार नाही.