चौदाव्या दिवसानंतर

होटगी स्थानकावर ज्याने कधी गाडीची वाट पाहिली असेल त्याला ठाऊक असेल की, गदग-विजापुराकडून आलेला रूळ जेथे मुंबई-मद्रासच्या हमरस्त्याला मिळतो त्या या जंक्शनात मराठी आणि कानडी या दोन्ही भाषा एकाच बाकावर बसून एकमेकींची विचारपूस करतात. आणि त्या विचारपुशीत पिकापाण्याच्या पाठोपाठ येणारा विषय बहुधा कोणाच्या तरी आजारपणाचाच असतो. मोठा आजार म्हणजे सोलापूर, त्याहून मोठा म्हणजे बार्शी, आणि तेथेही भागले नाही तर रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबई, परळचे टाटा, हा क्रम या भागातल्या माणसांना तोंडपाठ आहे. परंतु ‘आता घरी न्या’ असे शब्द कानी पडल्यावर जी परतीची गाडी धरावी लागते, तिच्यापुढचा क्रम मात्र कोणालाच पाठ नसतो. रोगी घरी येतो, काही आठवडे किंवा महिने अंथरुणावर काढतो, आणि एके दिवशी जातो. मग दहा दिवस अंगणात सतरंजी, तेराव्याला पंगत, आणि चौदाव्या दिवशी सतरंजी गुंडाळून भाड्याची भांडी परत गेली की त्या घरात जी शांतता उतरते, तिची दखल घेणे हे कोणाच्याही कामाच्या यादीत सहसा लिहिलेले नसते.

ज्या संस्थेत ते लिहिलेले असते तिला हॉस्पिस म्हणतात. या शब्दाला सोयीचा मराठी प्रतिशब्द अद्याप रुळलेला नाही. ‘शुश्रूषागृह’ म्हणावे तर ऐकणाऱ्याला बाळंतपण आठवते, आणि ‘मरणासन्नांचे घर’ म्हणावे तर त्या घराचा उंबरा कोणी ओलांडणार नाही. रोग हटविण्याचे उपाय संपले तरी रोग्याची वेदना हटविण्याचे उपाय संपत नाहीत, एवढ्या एका विश्वासावर ही संस्था उभी असते. तिच्यात डॉक्टर व परिचारिका असतातच. पण त्यांच्या जोडीला ‘मनोसामाजिक’ म्हणविला जाणारा एक विभाग असा असतो की ज्याच्या हाती ना सुई असते ना गोळी. रोग्याचे मन, त्याचे कुटुंब, त्याचे देणे-घेणे, आणि त्याच्या पश्चात मागे राहिलेल्यांचा शोक, या साऱ्याचा कारभार त्या विभागाच्या प्रमुखाकडे असतो. त्याचा हुद्दा निरनिराळ्या देशांत निरनिराळ्या नावांनी ओळखला जातो. आमच्या सरकारी इस्पितळांत त्याचा जवळचा नातेवाईक म्हणजे ‘समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय)’. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात 1946 साली भारतातील पहिल्या वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली, तेव्हापासून ही जागा आपल्या दप्तरी आहे.

या हुद्द्याला दुय्यम मानण्याची रीत आहे; इतिहास मात्र तिच्याविरुद्ध साक्ष देतो. आधुनिक हॉस्पिसची जननी सिसिली सॉन्डर्स ही आधी परिचारिका होती, पाठदुखीमुळे ते काम सुटल्यावर लंडनच्या एका इस्पितळात आल्मोनर, म्हणजे समाजसेविका, झाली, आणि डॉक्टर त्यानंतर बऱ्याच वर्षांनी झाली. समाजसेविका असतानाच तिची डेव्हिड टास्मा या पोलंडहून आलेल्या ज्यू रोग्याशी गाठ पडली. त्या परक्या शहरात त्याचे सगेसोयरे कोणी नव्हते; तिने त्याच्याजवळ बसावे, त्याने बोलावे, एवढाच तो उपचार. 1948 साली तो वारला तेव्हा त्याने तिच्या नावे पाचशे पौंड ठेवले होते, आणि तिच्या भावी वास्तूत आपण एक खिडकी होऊन राहू अशी इच्छा व्यक्त केली होती. ती वास्तू, सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, 1967 साली उघडली आणि तिच्यात ती खिडकी आहे. सॉन्डर्सबाईंनी ‘समग्र वेदना’ ही जी कल्पना मांडली, की देहाची कळ, मनाची भीती, घराची विवंचना आणि ‘माझ्याच वाट्याला हे का’ हा प्रश्न या चारही एकाच वेदनेच्या धारा आहेत, तिचे बीज इस्पितळातल्या समाजसेविकेच्या खुर्चीतच पडले, असे मानण्यास मला तरी अडचण वाटत नाही. आपल्याकडे हा विचार 1986 साली पोहोचला. टाटा रुग्णालयातील कर्करोग-शल्यविशारद डॉ. एल. जे. डिसोझा यांनी वांद्र्याला शांती आवेदना सदन स्थापिले, तेच भारतातील पहिले हॉस्पिस. पुढे गोव्यात आणि दिल्लीतही त्याच्या शाखा झाल्या. पुण्याजवळ वारज्याला सिप्लाचे केंद्र 1997 साली सुरू झाले.

या मनोसामाजिक विभागाच्या प्रमुखाचे काम मृत्यूपासून सुरू होते असा समज असेल तर तो दूर केला पाहिजे. चांगला प्रमुख आपले निम्मे काम मृत्यूपूर्वीच उरकतो. दाराबाहेर नातेवाईक त्याचा हात धरून विनवितात, ‘त्यांना काही सांगू नका, ते खचतील’. आणि दाराआत रोगी डोळे मिटूनच पुटपुटतो की घरच्यांना अजून कळलेले नाही, त्यांना जपा. एकाच सत्याच्या दोन्ही अंगांना दोन प्रेमळ पहारेकरी उभे असतात आणि मध्ये शेवटचे बोलणे अडकून पडते. ही भिंत हातोड्याने फोडायची नसते. रोग्याला आधी विचारायचे असते की त्याला किती जाणून घ्यायचे आहे. नातेवाइकांना विचारायचे असते की त्यांना नेमकी कशाची भीती वाटते. हे विचारणे रोग्याच्या भाषेत व्हावे लागते, आणि आमच्या सोलापूर भागात तर ती भाषा मराठी, कानडी, तेलुगू, दखनी उर्दू यांपैकी कोणतीही असू शकते. मरणाच्या दारात माणूस शाळेतली भाषा सोडून आईची भाषा बोलू लागतो, हे ज्याने कोणाच्या उशाशी बसून ऐकले आहे त्याला सांगावे लागत नाही.

मृत्यूपूर्वीचे दुसरे काम अगदीच रुक्ष दिसते, ते म्हणजे कागदपत्रांचे. बँकेच्या पासबुकावर वारस लावलेला आहे काय, विम्याचा कागद कोठे आहे, जमिनीच्या खात्यावर कोणाचे नाव चढायचे, सावकाराचे देणे किती, हे प्रश्न विचारणारा माणूस क्रूर वाटतो. वस्तुतः जे काम रोग्याच्या एका सहीने आज निभावते, त्याच कामापायी उद्या त्याच्या पत्नीला तलाठ्याकडे फेरफारासाठी आणि कचेरीत वारस-दाखल्यासाठी हेलपाटे घालावे लागतात. दारिद्र्यरेषेखालील घरातला कर्ता माणूस साठीच्या आत गेला तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून वीस हजार रुपये एकरकमी मिळतात. निराधार विधवेसाठी संजय गांधी योजनेचे मासिक अनुदान आहे. पण अर्ज, दाखले, शिक्के यांचे ज्ञान शोकाबरोबर आपोआप येत नाही. जी बाई दुपारी तहसील कचेरीच्या पायरीवर बसून आहे तिला सायंकाळी ‘मन मोकळे करा’ असे सांगणे ही थट्टाच होय. म्हणून मनोसामाजिक या जोडशब्दातला ‘सामाजिक’ हा भाग जो विसरतो तो त्या खुर्चीस लायक नाही.

मृत्यूनंतर मात्र त्याच्या हाती एक रजिस्टर उरते. मृताचे नाव खोडले जात नाही. त्याखाली मागे राहिलेल्यांची नावे लिहिली जातात, आणि त्यांपैकी कोणाचा शोक अवघड जाईल याचा अदमास बांधला जातो. ज्या आईचे एकुलते एक मूल गेले. ज्या सुनेने दोन वर्षे रात्रंदिवस शुश्रूषा केली आणि आता जिच्या हातांना कामच उरले नाही. जो पूर्वीच मनाने एकदा ढासळला होता. ज्याचे मृताशी भांडण मिटायचे राहून गेले: त्यांच्या नावापुढे खूण होते. मग तारखा. पहिल्या पंधरवड्यानंतर एक भेट किंवा पत्र, तीन महिन्यांनी चौकशी, सहा महिन्यांनी पुन्हा, आणि वर्षाच्या दिवशी आठवणीने निरोप. सोलापुरात कोणी असे रजिस्टर ठेवील तर त्याला संक्रांतीच्या सुमारास भरणारी पहिली गड्ड्याची जत्रा आणि पहिली दिवाळी याही तारखा घालाव्या लागतील. अमेरिकेत सरकारी विम्यातून हॉस्पिसला पैसे मिळतात, त्याची एक अट अशी की मृत्यूनंतर वर्षापर्यंत कुटुंबाला शोकसेवा उपलब्ध असली पाहिजे. गंमत अशी की या सक्तीच्या सेवेबद्दल वेगळा छदामही दिला जात नाही. आपल्याकडेही देणगीदार खाट देतो, खोली देतो, वर संगमरवरी पाटी लावतो. तिसऱ्या महिन्यातल्या भेटीवर पाटी लावता येत नाही, म्हणून तिला देणगी मिळत नाही.

शोकाच्या शास्त्राविषयी एक गैरसमज सुशिक्षितांत फार पसरला आहे. एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी 1969 साली पाच अवस्था वर्णिल्या त्या मुळात मरणाऱ्यांच्या होत्या, मागे राहिलेल्यांच्या नव्हत्या. त्या शोकाला चिकटल्या नंतर, आणि शोक हा इयत्तांसारखा पास होत जायचा असतो अशी समजूत झाली. बहुतेकांचा शोक आपल्या गतीने, आपल्या माणसांत निवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगसूचीत ‘प्रदीर्घ शोक’ हा विकार म्हणून आता गणला जातो, पण त्यासाठीही किमान सहा महिने उलटावे लागतात आणि समाजाच्या रीतीचे मान पाहावे लागते. म्हणून शहाणा प्रमुख पहिल्या तेरा दिवसांत घरात घुसत नाही. त्या काळापुरती आमची परंपरा कोणत्याही समुपदेशकापेक्षा अधिक जाणती आहे: चूल शेजाऱ्यांनी सांभाळायची, दार उघडे ठेवायचे, पिंडाजवळ कावळा येईना तेव्हा मृताची राहिलेली इच्छा सर्वांसमक्ष मोठ्याने बोलून दाखवायची. लिंगायत घरात माणूस ‘लिंगैक्य’ झाला म्हणतात आणि त्याला बसवून समाधी देतात. मुसलमान विधवेला चार महिने दहा दिवसांची इद्दत आहे. यांत ढवळाढवळ करण्याचा कोणाला अधिकार नाही.

मात्र परंपरेचा आदर म्हणजे तिच्या प्रत्येक कलमास मान्यता नव्हे. नवऱ्याच्या प्रेतासमोर बायकोच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी उतरविणे, हा शोक नव्हे, शिक्षा आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये ही प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींना तसे आवाहन करणारे परिपत्रक काढले. त्या चळवळीमागची प्रेरणा आमच्याच सोलापूर जिल्ह्यातली, करमाळ्याचे प्रमोद झिंजाडे यांची. शोकसेवेच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात हेरवाडचे नाव येवो न येवो, माझ्या मते विधवेच्या मनासाठी त्या ठरावाइतके मोठे काम क्वचितच एका कागदाने केले असेल.

प्रमुखाने स्वयंसेवकांना शिकवायचे ते मुख्यतः काय बोलू नये हेच. ‘सुटला बिचारा’, ‘देवाची इच्छा’, ‘आता मुलांकडे बघून सावर’, ही वाक्ये आपण समाचाराला जाताना खिशात घालून नेतो. ती बोलणाऱ्याची सुटका करतात, ऐकणाऱ्याची नव्हे. मृताचे नाव घ्यावे, त्याची एखादी गोष्ट विचारावी, आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसावे. आणखी एक जबाबदारी बाहेरून दिसत नाही: ज्या परिचारिकेने सकाळी एकाचे डोळे मिटले तिला दुपारी दुसऱ्याची चादर हसतमुखाने बदलायची असते, तिलाही रडण्याची मुभा आणि जागा कोणी तरी राखून ठेवावी लागते. ते न केल्यास उत्तम माणसे आधी कठोर होतात आणि मग निघून जातात.

आमच्या जिल्ह्यात नोंदीची परंपरा नवी नाही. भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग-नोंदणी 1987 साली बार्शीलाच सुरू झाली, आणि खेड्यापाड्यांतल्या रोगाचा व मृत्यूचा हिशेब तेव्हापासून तेथे मांडला जातो. प्रत्येक ग्रामपंचायतीतही मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत करावी असा कायदा आहे. म्हणजे तेराव्याची पंगत उठते त्याच सुमारास ग्रामसेवकाच्या रजिस्टरात ते नाव आणि ती तारीख उतरलेली असते. हॉस्पिस उभारण्यास पैसा लागेल, जागा लागेल, मॉर्फिनचा परवाना लागेल. परंतु त्या तारखेत तीन महिने मिळवून, आशाताईंनी किंवा मठातल्या, मशिदीतल्या, महिला मंडळातल्या कोणी त्या दारी अर्धा तास जाऊन बसण्यास यांपैकी काहीच लागत नाही. होटगीकरांनी पुढच्या ग्रामसभेत एवढी एक सूचना मांडावी, ही माझी विनंती. रजिस्टर कपाटात तयारच आहे.