तळ्यांची गावे

नागभीडहून ब्रह्मपुरीकडे व तेथून वैनगंगा ओलांडून आरमोरीकडे जाणाऱ्या वाटेने तुम्ही कधी गेला आहात काय? पावसाळ्याच्या अखेरीस या वाटेने जावे. एका बाजूस साग, ऐन आणि मोह यांचे रान. रानाच्या पायथ्याशी कमळांनी भरलेले तळे. तळ्याखाली हिरवीगार धानाची शेते आणि शेतांच्या कडेला लहानसे कौलारू गाव! थोडे पुढे जावे, तो पुन्हा तेच चित्र. या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात. गडचिरोली जिल्हा १९८२ साली चंद्रपूरपासून निराळा झाला. परंतु नदीच्या दोन्ही तीरांवरील या गावांची रीत एकच आहे.

येथे पाऊस पुष्कळ पडतो. मग इतकी तळी कशासाठी? याचे उत्तर धानाच्या पिकात आहे. आषाढ-श्रावणात शेतकरी पऱ्हे उपटून चिखलात त्यांची रोवणी करतात. पुढे भाद्रपद-आश्विनात लोंब्या भरू लागतात आणि नेमका त्याच वेळी पाऊस कधी कधी दडी मारतो. अशा वेळी एकदोन पाणी मिळाले तर पीक हाती येते. न मिळाले तर वर्षभराचे श्रम वाया जातात. म्हणून पूर्वजांनी पावसाचे पाणी साठविण्याची युक्ती काढली. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या लोकांनी या कामात मोठे नाव मिळविले. पूर्व विदर्भात अशी सहा हजारांहून अधिक तळी आहेत. लहान तळ्याला येथे बोडी म्हणतात.

तळ्याची रचना साधी, पण मोठी विचारपूर्वक केलेली असते. उताराला आडवी मातीची पाळ घालतात. पाणी सोडण्याच्या दाराला तुडुम असे नाव आहे. त्यातून निघालेले पाणी पाटाने एका बांधीतून दुसऱ्या बांधीत उतरत जाते. तळे भरले म्हणजे जादा पाणी सांडव्यावरून वाहते आणि बहुधा खालच्या तळ्याला जाऊन मिळते. अशा रीतीने वरच्या गावाचे पाणी खालच्या गावाच्या उपयोगी पडते. वरची पाळ फुटली तर खालच्या गावाचीही हानी होते.

दूर युरोप खंडात नेदरलँड्स नावाचा एक लहान देश आहे. त्याची सुमारे एकचतुर्थांश भूमी समुद्रसपाटीहून खाली आहे. तेथील खेड्यांनी पाणी बाहेर राहावे म्हणून बांध घातले. आपल्या झाडीपट्टीने पाणी आत राहावे म्हणून पाळी घातल्या. हेतू उलट, पण धडा एकच. एकट्याने बांध राखता येत नाही. हे ओळखून तेथील शेजारी गावे मध्ययुगापासून एकत्र येऊन बांधांची देखरेख करीत आली आहेत.

आपल्याकडे इंग्रजी अमलात ही तळी मालगुजारांच्या ताब्यात होती. १९५० साली मालगुजारी रद्द करणारा कायदा झाला आणि तळी सरकारकडे आली. शेतकऱ्यांवरचे जुने ओझे उतरले, ही गोष्ट फार चांगली झाली. परंतु पाळीची डागडुजी कोणी करावी, पाट कोणी साफ करावे, हा प्रश्न मागे उरला. पुष्कळ तळ्यांत गाळ साचला, काहींत बेशरमाची झुडपे माजली आणि पाणी कमी मावू लागले. पाण्याबरोबर मासे आणि शिंगाडेही घटले. त्यांवर पोट असणाऱ्या ढिवर कुटुंबांना याची झळ लागली.

अलीकडे कित्येक ठिकाणी तळ्यांतील गाळ काढण्याचे काम झाले आहे. काढलेला गाळ शेतात पसरला म्हणजे त्याचे खत होते आणि तळ्यात पाण्याला जागाही होते.

या बाजूला गेलात तर एखाद्या पाळीवर क्षणभर उभे राहा. एका हाताला शांत पाणी दिसेल, दुसऱ्या हाताला डोलणारे धान. या दोहोंना जोडणारी मातीची पाळ दिसायला साधी आहे. पण ती कोणा एका घरासाठी नाही, आणि कोणा एका गावासाठीही नाही.