पिकांची उन्हातली छत्री

भर दुपारी आपण सावली शोधतो. ज्वारीचे पान मात्र दिवसभर उन्हातच असते. ते भाजत कसे नाही, असे वर्गात एखाद्याने विचारले तर उत्तर पानाच्या वरच्या पापुद्र्यात शोधावे लागते.

सूर्याच्या अतिनील किरणांपैकी २८० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण बरेचसे ओझोनच्या थरात अडतात. उरलेले जमिनीपर्यंत पोचतात आणि पेशीतील डीएनएच्या साखळीत शेजारशेजारचे थायमिनचे घटक एकमेकांना चिकटवून टाकतात. मग डीएनएची नक्कल नीट होत नाही. यावर वनस्पतीची स्वतःची तोड आहे. पापुद्र्यात साठलेली फ्लेवोनॉइड द्रव्ये अतिनील किरण शोषतात, पण प्रकाशसंश्लेषणाला लागणारा प्रकाश आत सोडतात. ती तयार करण्याची वर्दी यूव्हीआर-८ हे प्रथिन देते. त्याला हे किरण कसे ‘दिसतात’, ते २०११ मध्ये उलगडले.

मग बाहेरून रसायन कशासाठी? इथे दोन निरनिराळ्या गोष्टींची गल्लत होते. केओलिन, म्हणजे चिनी मातीची भुकटी, पाण्यातून फवारली की पांढरा थर बसतो आणि ऊन परतवतो. डाळिंबाच्या फळांवर उन्हाचे चट्टे पडू नयेत म्हणून अशी फवारणी करतात. ही निव्वळ छत्री आहे. पावसाने धुऊन गेली की पुन्हा धरावी लागते.

सॅलिसिलिक आम्लाचे तसे नाही. (अ‍ॅस्पिरिन याच आम्लापासून बनवतात.) वनस्पती ते धोक्याचा निरोप म्हणून स्वतःच तयार करते. प्रयोगांत ते बहुधा फार विरळ, लिटरला ७० मिलिग्रॅमच्या आसपास, फवारतात. पेशी सावध होतात आणि ऑक्सिजनच्या उपद्रवी रूपांना निष्प्रभ करणारी यंत्रणा कामाला लागते. मात्रा वाढवली तर तेच आम्ल पिकाची वाढ खुंटवते. बचावावर खर्च झालेले अन्न दाण्यात कसे उतरणार?

अशा प्रयोगांचे अहवाल वाचताना मी आधी दिव्यांची माहिती पाहतो. प्रयोगशाळेतल्या मंद उजेडात अतिनील दिवा लावला की रोप लवकर होरपळते आणि रसायनाचा गुण फुगून दिसतो. शेतात निळा प्रकाश भरपूर असतो. त्याच्याच ऊर्जेवर फोटोलायेज नावाचे विकर चिकटलेले थायमिन सोडवत असते. म्हणून कुंडीतल्या रोपांचे आकडे दाखवून कोणी ‘अतिनीलरोधक’ बाटली विकायला आला, तर शेतकऱ्याने विचारावे : उघड्या शेतात, न फवारलेल्या ओळींशी तुलना करून पाहिली आहे का?