उन्हात इंजिनात बर्फ कसा?

आज माझ्या जुन्या सेसना १५० बद्दल. बाहेर २० अंश, छान ऊन, आणि इंजिनात बर्फ. पटत नाही ना? कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची वाफ होते, अरुंद जागेतून जाणारी हवाही गार होते. तापमान तिथं सहज २० अंशांहून जास्त घसरतं. हवा दमट असेल तर बर्फ धरलाच.

घंटा वाजत नाही, लाल दिवा लागत नाही. आरपीएम हळूहळू उतरतो, बस. मग 'कार्ब हीट'चा नॉब पूर्ण बाहेर ओढायचा. एक्झॉस्टजवळ तापलेली हवा आत येते. पण इंजिन आधी आणखीच खडखडतं, कारण वितळलेलं पाणी त्याच्या पोटात जातं. नवखा पायलट इथंच घाबरून नॉब परत आत ढकलतो. अजिबात नाही! आरपीएम वर येईपर्यंत तसाच ठेवायचा.

उतरताना पॉवर कमी करायच्या आधीच मी तो ओढतो. उड्डाणाआधी तर तपासतोच: ओढल्यावर आरपीएम थोडा पडला पाहिजे. पडला नाही, तर गरम हवा येत नाहीये. त्या दिवशी विमान जमिनीवरच, आणि फोन मेकॅनिकला. (अपघातानंतर हा बर्फ बहुतेकदा सापडतही नाही, वितळून गेलेला असतो.)